झेंडा झाला, गटाराचं काय?

स्वतःचा देश काढायचा तर कामांचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या दिवशी झेंडा. दुसऱ्या दिवशी राजमुद्रा. आठवडाभरात टपालतिकीट, मग नाणं, मग पासपोर्ट, आणि एवढं आटोपलं की ओळखीपाळखीच्यांना सरदारक्या. गेल्या पाऊणशे वर्षांत जगात असे डझनावारी देश निघाले. कुणी शेतात काढला, कुणी समुद्रातल्या चबुतऱ्यावर, कुणी नुसताच दिवाणखान्यात. यांच्या राज्यघटना वाचाव्यात, राजेसाहेबांच्या छातीवरची पदकं मोजावीत, वेळ मजेत जातो. फक्त एक प्रश्न विचारायचा नसतो. महाराज, आपलं सांडपाणी कुठे जातं?

राष्ट्र कशाला म्हणायचं याच्या चार अटी १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात घातलेल्या आहेत. कायमची वस्ती, ठरलेला प्रदेश, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवायची कुवत. नवदेशांच्या संस्थापकांना झोपेतून उठवलं तरी ही चार कलमं धडाधड म्हणता येतात. चारांत कुठेही नळ नाही, शौचालय नाही, कचऱ्याची गाडी नाही. तिथेच फावलं.

अपवाद एक. लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसमध्ये, उझुपिस नावाचा मोहल्ला आहे. कलावंतांची वस्ती. १ एप्रिल १९९७ ला त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं, आणि त्यांच्या घटनेत प्रत्येकाला गरम पाणी, हिवाळ्यात ऊब आणि डोक्यावर कौलारू छप्पर मिळण्याचा हक्क आहे. वाचून डोळे भरून येतात. पाणी तापवायचं कुणी, हे कलमात नाही.

सीलँड हे या धंद्यातलं जुनं, खानदानी घराणं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी सफोकच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, भर समुद्रात, दोन जाडजूड पोकळ खांबांवर एक चबुतरा उभारला होता. युद्ध संपलं, सैनिक गेले, चबुतरा बेवारस राहिला. २ सप्टेंबर १९६७ ला रॉय बेट्स या माजी मेजरने तिथे झेंडा लावला. स्वतः प्रिन्स झाला, बायकोला प्रिन्सेस केलं. या देशात जायचं तर होडीत उभं राहायचं, वरून पाळणा खाली येतो, त्यात बसायचं आणि यारीने वर ओढून घेतात. विमानतळ, बंदर, बसस्थानक, जे काही म्हणाल ते हेच.

पुढच्याच वर्षी काही ब्रिटिश कामगार जवळचा एक बोया दुरुस्त करायला आले. जहाजांना वाट दाखवणारा साधा बोया. युवराजांनी त्यांना पळवून लावायला बंदूक झाडली. म्हणजे या राष्ट्राचा पहिला लष्करी पराक्रम सार्वजनिक कामावर आलेल्या गँगवरचा गोळीबार! खटला झाला, आणि न्यायालय म्हणालं, ही जागा आमच्या हद्दीबाहेर आहे. सीलँड तो निकाल आजही मान्यतेचा दाखला म्हणून मिरवतं.

मग उजाडला जून २००६. विजेच्या बिघाडाने आग लागली. सार्वभौम अग्निशमन दलाने काय केलं? काही नाही, कारण ते नव्हतंच. चबुतऱ्यावर एक राखणदार होता. त्याला ब्रिटिश हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचलून इप्सविचच्या इस्पितळात नेलं, आणि आगीवर पाणी मारायला टग बोट आली. परक्या देशाचं लष्करी हेलिकॉप्टर विनापरवाना आपल्या हद्दीत शिरलं म्हणून सीलँडने निषेधाचा खलिता धाडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. लॉर्ड आणि लेडी हे किताब मात्र आजही पैसे भरून घरपोच मिळतात. आग विझवणारं कुणी तेवढं मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला पाचशे किलोमीटरवर लेनर्ड कॅसली नावाचा गहू पिकवणारा शेतकरी होता. सरकारने गव्हाला कोटा लावला. शेतात उभं पीक अफाट, विकायची परवानगी चिमूटभर. कॅसलीने अर्ज केले, विनंत्या केल्या, आणि एप्रिल १९७० मध्ये सरळ देश सोडला. गेला कुठेच नाही. ७५ चौरस किलोमीटरच्या शेतासकट जागच्या जागी फुटून निघाला. हट रिव्हरचा प्रिन्स लेनर्ड. कांद्याच्या निर्यातबंदीवर हा उपाय आपल्याकडे अजून कुणाला सुचलेला नाही आणि मी तो लासलगावात सुचवणारही नाही.

तिकिटं छापली, हौशी संग्राहकांनी ती घेतली. पण १९७६ साली ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने या राष्ट्राची पत्रं हाताळायलाच नकार दिला, आणि हट रिव्हरचं टपाल कॅनडामार्गे फिरू लागलं. पलीकडच्या गावाला खुशाली कळवायची तर पाकीट अर्धी पृथ्वी हिंडून येणार. तिकीट तुमचं, त्यावर प्रिन्सचं चित्र तुमचं. ते पाकीट उचलणारा पोस्टमन मात्र शत्रुराष्ट्राचा नोकर. पुढच्या वर्षी करवसुलीला वैतागून प्रिन्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि काही दिवसांनी आपणच संपवलं. गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलंही नाही. कर खातं मात्र युद्धविराम वगैरे मानत नाही. २०१७ साली न्यायालयाने २७ लाख डॉलरहून जास्त थकबाकीचा हुकूम केला. २०१९ मध्ये प्रिन्स लेनर्ड वारले. २०२० मध्ये कोविडने पर्यटक आटले, आणि चिरंजीवांनी पन्नास वर्षांचा देश गुंडाळला. थकबाकी फेडायला शेत विकायचं ठरलं.

यापेक्षा अमेरिकेतल्या नेवाडामधले केव्हिन बॉ शहाणे. त्यांचं मोलॉसिया नावाचं राष्ट्र साडेचार-पाच हेक्टरांचं आहे. चलनाचं नाव व्हॅलोरा, आणि त्याची किंमत सोन्याला नव्हे तर कुकीच्या कणकेला बांधलेली. रेल्वे आहे, बागेत फिरणारी खेळण्यातली. आरमार आहे, हवा भरून फुगवायच्या होड्यांचं. पूर्व जर्मनीशी १९८३ पासून युद्ध चालू आहे. पूर्व जर्मनी १९९० मध्ये नकाशावरून गेली, हा तपशील युद्धखात्याच्या कामकाजात बसत नाही. आणि राष्ट्राध्यक्ष बॉ दरवर्षी काउंटीला मालमत्ता कर भरतात. नाव देतात परदेशी मदत! शेजारचं गरीब राष्ट्र आहे, आपल्या पैशातून करत असेल बिचारं रस्ते. मला हा माणूस मनापासून आवडतो. या साऱ्या राजेरजवाड्यांत घरपट्टीची पावती सांभाळून ठेवणारा हा एकटा.

खरी मेख इथेच आहे. तिकीट, नाणं, पासपोर्ट, किताब ही कमाईची खाती. पाणी, ड्रेनेज, आग, दवाखाना ही खर्चाची. कमाईच्या खात्यांनी स्वातंत्र्य घेतलं आणि खर्चाची खाती पारतंत्र्यात ठेवली, की झालं नवं राष्ट्र.

उलट्या बाजूने सुरुवात करणारा एक निघाला, त्याचं काय झालं तेही ऐका. बोलोन्याचे जॉर्जो रोझा पेशाने इंजिनिअर. त्यामुळे डोकं गटारापासून चालायचं. इटलीच्या रिमिनी शहरासमोर समुद्रात त्यांनी ४०० चौरस मीटरचा चबुतरा बांधला आणि सगळ्यात आधी समुद्रतळात बोअर मारून गोडं पाणी काढलं. मग उपाहारगृह, बार, टपाल कार्यालय. १ मे १९६८ ला रोझ आयलंड हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर झालं, राष्ट्रभाषा एस्पेरान्तो. २५ जूनला इटालियन पोलिसांनी ते ताब्यात घेतलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सुरुंग लावून उडवलं. सीलँड आज साठीकडे चाललंय. ज्याच्या बोअरला पाणी लागलं तो देश ५५ दिवस टिकला. सरकारांना झेंड्याची भीती वाटत नाही, बोअरची वाटते.

आता ढंगच बदललाय. डॅन्यूब नदीकाठी, क्रोएशिया आणि सर्बियाच्या सीमावादात ७ चौरस किलोमीटरचा एक तुकडा अडकून पडला होता. क्रोएशिया म्हणे आमचा नाही, सर्बियाही हक्क सांगेना. २०१५ मध्ये व्हित येदलिच्का या चेक राजकारण्याने तिथे लिबरलँड काढलं. कर ऐच्छिक. म्हणजे रस्तेही ऐच्छिक, पण ते कोण बोलतंय. जमिनीवर झाडी आणि पुराचं पाणी. शिवाय कुणी तिथे राहायला गेलं की क्रोएशियन पोलीस हुसकावतात. २०२३ मध्ये तर उभारलेली बांधकामंही पाडली. अशा वेळी सरकारने काय करावं? झाहा हदीद आर्किटेक्ट्स या नामांकित संस्थेने २०२२ मध्ये लिबरलँडचं अख्खं शहर मेटाव्हर्समध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी जगात, मांडलं होतं. नगरभवन, चौक, प्रदर्शनाची दालनं, सगळं वळणदार. या शहरात खड्डा पडत नाही, नळाला धार कमी येत नाही आणि टँकर लागत नाही. लागतं ते फक्त वीज आणि इंटरनेट, आणि तेवढं ज्याने त्याने आपापल्या जुन्या देशातून आणायचं.

हे सगळे झाले हौशी. व्यावसायिक बघायचा तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

ग्रेगर मॅकग्रेगर हा स्कॉटलंडचा. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हारच्या बाजूने लढला, जनरल झाला. १८२० मध्ये त्याने मॉस्किटो किनाऱ्याच्या राजाकडून सुमारे ८० लाख एकर जंगल लिहून घेतलं. आजच्या होंडुरासमधला हा भाग. १८२१ मध्ये तो लंडनला आला तो पोयाईस देशाचा ‘काझीक’ म्हणून, म्हणजे तिकडचा राजाच. लंडनच्या बड्या लोकांनी मेजवान्या दिल्या. दक्षिण अमेरिकेत तेव्हा दर सहा महिन्यांनी नवा देश निघत होता, त्यात आणखी एक.

मग काझीकसाहेबांनी सार्वजनिक सोयींचं काम हाती घेतलं. कागदावर. १८२२ मध्ये साडेतीनशेहून जास्त पानांचं मार्गदर्शक पुस्तक निघालं, लेखक कॅप्टन थॉमस स्ट्रेंजवेज. हे कॅप्टन कुणी पाहिले नव्हते; लिहिणारा बहुधा मॅकग्रेगरच. वर्षाला मक्याची तीन पिकं, नद्यांत सोनं, अशी जमीन. राजधानीचं नाव सेंट जोसेफ, आणि तिचा थाट असा सांगितला जायचा की रुंद फरसबंदी रस्ते, खांबांच्या ओळी असलेल्या इमारती, नाट्यगृह, ऑपेरा हाउस, घुमटाचं कॅथीड्रल, संसद, राजवाडा, बँक ऑफ पोयाईस. वस्ती वीस हजारांपर्यंत. आपल्याकडे गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकात ‘प्रस्तावित मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटं’ असं छापतात, त्याचा हा खापरपणजोबा. निदान आपला बिल्डर प्रस्तावित तरी लिहितो.

लंडन, एडिंबरा, ग्लासगो इथे कचेऱ्या उघडल्या. एकरांनी जमीन विकली. ऑक्टोबर १८२२ मध्ये पोयाईस सरकारचं २ लाख पौंडांचं कर्ज ६ टक्के व्याजाने लंडनच्या बाजारात आलं आणि लोकांनी रोखे घेतले. पोयाईसच्या डॉलरच्या नोटा स्कॉटलंडमध्ये छापल्या. निघणाऱ्या माणसांनी गाठीचे खरे पौंड देऊन त्या घेतल्या. नेमणुकाही झाल्या. एका कारकुनाला बँकेत जागा. एकाला राष्ट्रीय नाट्यगृहाची व्यवस्था. जोडे शिवणाऱ्या एका कारागिराला पोयाईसच्या राणीसाहेबांचा अधिकृत पादत्राणकार नेमलं. बायको-मुलं मागे ठेवून तो निघाला.

सप्टेंबर १८२२ मध्ये लंडनहून पहिलं जहाज सुटलं, सुमारे ७० माणसं घेऊन. जानेवारी १८२३ मध्ये लीथ बंदरातून दुसरं, त्यात जवळपास २००. उतरायच्या ठिकाणी बंदर नव्हतं. रस्ता नव्हता. जुन्या एका इंग्रज वसाहतीचे पडके अवशेष होते आणि त्यांच्या मागे जंगल. लोक सामानाची खोकी किनाऱ्यावर उतरवून राजधानीची वाट विचारायला निघाले, विचारणार कुणाला? सुरुवातीला कित्येकांना वाटलं, आपलीच दिशा चुकली असेल. जहाज निघून गेलं. पाऊस सुरू झाला, मग हिवताप आणि पिवळा ताप. बँकेत लागणारा कारकून आणि नाट्यगृह सांभाळणारा गृहस्थ झावळ्यांच्या छपराखाली कुडकुडत पडले. राणीसाहेबांच्या पादत्राणकाराने स्वतःला गोळी घालून घेतली. बेलीझहून आलेल्या एका जहाजाला ही माणसं योगायोगाने सापडली. दोन्ही जहाजांवरच्या माणसांपैकी निदान १८० गेली. ब्रिटनला परत पोचले ते पन्नासही नव्हते.

आणि त्या परतलेल्यांतल्या काहींनी मॅकग्रेगरची बाजू घेतली. म्हणे राजाचा दोष नाही, खालच्या लोकांनी घोळ घातला. हे वाक्य ओळखीचं वाटलं ना?

मॅकग्रेगरने पॅरिसला जाऊन तोच देश पुन्हा विकायला काढला. १८२६ मध्ये तिथे खटला झाला, सुटला. पुढे व्हेनेझुएलाने त्याला जनरलची पदवी परत दिली, पेन्शन दिलं. १८४५ मध्ये काराकसमध्ये लष्करी इतमामात त्याचा अंत्यविधी झाला. पुस्तकात लिहिलेल्या सोयींपैकी कॅथीड्रल तेवढं खरं मिळालं, तेही दुसऱ्या देशाचं, दफनापुरतं.

स्वीडनमधल्या लाडोनियाची गोष्ट ऐकली तेव्हा मला पोयाईसच आठवलं. लार्स विल्क्स या कलावंताने किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडांचे मोठे मनोरे रचले. प्रशासनाने काढायला सांगितले, वाद चालला, तेव्हा १९९६ मध्ये त्याने तो तुकडा स्वतंत्र जाहीर केला. निव्वळ कलेचा खोडसाळपणा. पण नागरिकत्वाचा अर्ज फुकट मिळतो हे कळल्यावर पाकिस्तानातून तीन हजारांवर अर्ज आले. त्यांना तिकडे राहायचं होतं! घर, काम, शाळा, जे कुठल्याही देशात गेल्यावर माणूस शोधतो ते. लाडोनियाला सांगावं लागलं की आमच्या देशात कुणी राहत नाही. स्टॉकहोमच्या कलारसिकांना विनोद कळला होता. रांगेतल्या माणसाला पत्ता हवा होता.

आपल्याकडचा माल पाहायचा तर कैलासा आहे. बलात्काराच्या खटल्यातला आरोपी नित्यानंद भारताबाहेर निसटला आणि २०१९ मध्ये राष्ट्र जाहीर झालं. आरोग्य खातं, शिक्षण खातं, गृहनिर्माण खातं, कोषागार, सगळी खाती संकेतस्थळावर हजर. अन्न फुकट, शिक्षण फुकट, औषधपाणी फुकट. २०२० च्या गणेश चतुर्थीला रिझर्व्ह बँक आणि नाणी आली. देश कुठे आहे हे तेवढं राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नेवार्क शहराने या राष्ट्राशी भगिनी-नगराचा करार केला. शहराशी शहराचा असतो तो करार. समोर शहरच नाही हे काही दिवसांनी लक्षात आलं आणि रद्द केला. पुढच्या महिन्यात जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या खुल्या चर्चेत कैलासाच्या प्रतिनिधी बोलल्या, विषय शाश्वत विकास. पण माझा सगळ्यात आवडता किस्सा पॅराग्वेचा. तिथल्या कृषी मंत्रालयातल्या एका बड्या अधिकाऱ्याने कैलासाशी समझोता केला, कारण म्हणे त्यांनी मदतीचे प्रस्ताव आणले होते. कशासाठी? सिंचनासाठी! जमीन नसलेला देश दुसऱ्याच्या शेतात पाणी आणणार होता. अधिकाऱ्याची नोकरी गेली. कागदावरच्या सिंचनाबद्दल नोकरी जाते, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना थोडं परदेशी वाटेल, पण तिकडे तसं आहे.

जुलै २०२५ मध्ये गाझियाबादेत भाड्याच्या बंगल्यात एक दूतावास सापडला. वेस्टार्क्टिका, सेबोर्गा, लाडोनिया अशा नावांचा. दारात आलिशान गाड्या, त्यांना राजनैतिक नंबरप्लेट. मला वाटतं, या धंद्यात कळस तो हा. देश काल्पनिक, पण पार्किंग खरं.

तरी फ्लोरिडाच्या काँक रिपब्लिकला मी या रांगेत बसवणार नाही. ते निघालंच मुळी रस्त्यासाठी. एप्रिल १९८२ मध्ये अमेरिकी सीमा पोलिसांनी की वेस्टकडे येणाऱ्या एकुलत्या महामार्गावर नाकं लावलं. गाड्यांच्या मैलोन्मैल रांगा, पर्यटक गायब. महापौर कोर्टात गेले, दाद लागली नाही. तेव्हा त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. नौदलाच्या गणवेशातल्या एका माणसाच्या डोक्यात शिळा पाव हाणून युद्ध पुकारलं, मिनिटभराने शरण गेले आणि १०० कोटी डॉलरची परदेशी मदत मागितली. मदत आली नाही, पण नाकं उठलं.

जानेवारी २००६ मध्ये पंधरा क्युबन निर्वासित तिथल्या जुन्या सेव्हन माइल पुलाच्या एका तुटक्या भागावर चढले. अमेरिकेच्या जमिनीला पाय लागला की राहायला मिळायचं, असा तेव्हाचा नियम. सरकार म्हणालं, पुलाचा हा तुकडा जमिनीला जोडलेला नाही, सबब ही अमेरिकेची जमीन नव्हे. पंधरा जणांना परत धाडलं. काँक रिपब्लिकने लगेच होडी काढली, तुकड्यावर झेंडे लावले आणि कळवलं, तुमचा नसेल तर हा पूल आमचा. आपल्याकडे पूल पडला की तो कुठल्या खात्याचा यावर पंधरा दिवस टोलवाटोलवी चालते. इथे एक सरकार पडका पूल आपण होऊन मागत होतं.

नकाशात नसलेलं सरकार साताऱ्यातही होऊन गेलं, १९४३ ते ४६. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. त्याने टपालतिकीट काढलं नाही, नाणं पाडलं नाही, कुणाला सरदारकी दिली नाही. गावोगाव न्यायदान मंडळं बसवली, भाऊबंदकीचे तंटे मिटवले, सावकारांना वेसण घातली, दारू बंद केली, चार पैशांत गांधी लग्नं लावली. दरोडेखोरांचा बंदोबस्त तुफान सेनेकडे. खर्चाची खाती आधी उघडलेली, आणि कमाई म्हणाल तर शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी. मॉन्टेव्हिडिओच्या परीक्षेत हे सरकार सपशेल नापास. भेटीला राजदूत कुणी आला नाही, आले ते गोरे अधिकारी आणि त्यांचे पोलीस. सातारच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र ते ‘सरकार’च होतं. कोर्टात तारखा पडायच्या, इथे निकाल लागायचा.

आणि लंडनचं फ्रेस्टोनिया. १९४९ च्या ‘पासपोर्ट टु पिम्लिको’ या सिनेमात लंडनची एक वस्ती स्वतंत्र होते, रेशनिंग झुगारते आणि ब्रिटिश सरकार तिचं पाणी तोडतं. ही नस सिनेमावाल्यांना बरोबर कळली होती. १९७७ मध्ये फ्रेस्टन रोडवर पडीक घरांत राहणाऱ्या सुमारे १२० जणांना बेदखल करायचं नगर प्रशासनाने ठरवलं. ३१ ऑक्टोबरला त्यांनी फ्रेस्टोनिया जाहीर केलं, संयुक्त राष्ट्रांकडे शांतिसेना मागितली आणि तोच सिनेमा राष्ट्रीय चित्रपटगृहात लावला. शिवाय सगळ्यांनी ब्रॅमली हे एकच आडनाव घेतलं. हटवायचंच असेल तर एका कुटुंबाला एकत्र घर द्या! हा डाव कुठल्याही झोपडपट्टी पुनर्वसनवाल्याने टिपून ठेवावा असा. वर्तमानपत्रं आली, चौकशी लागली, बोलणी झाली, रहिवाशांची गृहनिर्माण सहकारी संस्था झाली आणि त्याच जागी त्यांच्यासाठी नवी घरं उभी राहिली. नळासकट, ड्रेनेजसकट. घरं मिळाल्यावर प्रजासत्ताकाची कुणाला फारशी आठवण राहिली नाही.

त्यांच्या मंत्रिमंडळात शिक्षण खातं एका दोन वर्षांच्या मुलाकडे होतं. त्याच्या कारकिर्दीत एकही पेपर फुटल्याची नोंद नाही.